स्पॅनिश ‘नको’ची बाराखडी

संग्रहालयात एखाद्या जुन्या मूर्तीकडे हात नेणाऱ्या मुलाला मराठी आई म्हणते, ‘हात लावू नकोस.’ माद्रिदमधील किंवा मेक्सिको शहरातील आई म्हणते, ‘नो तोकेस!’ स्पॅनिशचे प्राथमिक धडे संपवून पुढच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य ऐकून समजते, बोलताही येते. पण तेच कागदावर लिहावयास सांगितले, की त्याची लेखणी अडखळते. मूळ क्रियापद आहे ‘तोकार’, म्हणजे स्पर्श करणे. त्यातील ‘क’ हा ‘सी’ या अक्षराने लिहिला जातो. नकारार्थी आज्ञा करताना शेवटचे ‘आर’ जाऊन ‘एस’ येते, हा नियम विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो. तो नियम इमानाने लावून तो लिहितो ‘टी-ओ-सी-ई-एस’, आणि वहीवर तांबडी रेघ उमटते. कारण त्याने जे लिहिले आहे, त्याचा उच्चार ‘तोकेस’ असा होत नाही, ‘तोसेस’ असा होतो. लॅटिन अमेरिकेत ‘तोसेस’ हा शब्द कानावर पडला, तर त्याचा अर्थ ‘तू खोकतोस’! ‘हात लावू नकोस’ असे बजावण्यास निघालेला माणूस ‘तू खोकत नाहीस’ अशी माहिती पुरवून परततो.

अचूक लिहायचे तर तेथे ‘सी’ काढून ‘क्यू-यू’ ही जोडी बसवावी लागते. असेच बदल ‘पागार’ (पैसे देणे), ‘क्रुसार’ (ओलांडणे), ‘रेकोहेर’ (गोळा करणे), ‘सेगीर’ (मागे जाणे, चालू ठेवणे) अशा शेकडो क्रियापदांत होतात. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या याद्या दिलेल्या असतात आणि विद्यार्थी त्या ‘अपवाद’ म्हणून घोकत बसतात. प्रस्तुत लेखकाच्याही एका जुन्या वहीत अशा अपवादांची चार पाने भरलेली आहेत. स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आणि वीस देशांची राजभाषा आहे. ती शिकण्यास उत्साहाने सुरुवात करून नेमके याच टप्प्यावर ‘फारच अपवाद आहेत बुवा’ असे म्हणत वर्ग सोडून देणारेही कमी नाहीत. त्यांना एक गोष्ट कोणी सांगितलेली नसते. यांतील बहुतेक क्रियापदे अपवाद नाहीतच. ती पूर्णपणे नियमित आहेत. मात्र हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळते.

पडताळा हवा असेल, तर हीच रूपे देवनागरीत लिहून पाहावीत. तोकार – नो तोकेस. पागार – नो पागेस. क्रुसार – नो क्रुसेस. रेकोहेर – नो रेकोहास. यांत कोठे काही बिघडले आहे काय? धातूतील ‘क’ हा ‘क’च राहिला, ‘ग’ हा ‘ग’च राहिला. बदलला तो केवळ शेवटचा स्वर. स्पॅनिश भाषा देवनागरीत लिहिली जात असती, तर पाठ्यपुस्तकातील हा धडा लिहिण्याची वेळच आली नसती.

स्वर का बदलतो?

प्रथम या बदलत्या स्वराविषयी. होकारार्थी आज्ञेच्या अलीकडे नुसता नकार जोडला की नकारार्थी आज्ञा तयार होते, असे स्पॅनिशमध्ये चालत नाही. मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपणही ‘बस’ला ‘न’ जोडून ‘न बस’ असे म्हणत नाही. ‘बसू नकोस’ म्हणतो. म्हणजे नकार आला की आपलेही क्रियापद वेगळे रूप घेते. स्पॅनिश क्रियापद अशा वेळी ज्या रूपाचा आश्रय घेते, त्याला ‘सुबहुंतिबो’ म्हणतात. इच्छा, शंका, विनंती, संभाव्यता अशा अद्याप न घडलेल्या गोष्टींसाठी ते वापरले जाते. आपल्या विध्यर्थाशी त्याचे नाते जवळचे आहे.

हे रूप करण्याची रीत सोपी आहे. वर्तमानकाळातील ‘मी’चे रूप घ्यावे, त्याच्या शेवटचा ‘ओ’ काढावा आणि उलटा स्वर जोडावा. ज्या क्रियापदांच्या अंती ‘आर’ आहे त्यांना ‘ए’, आणि ज्यांच्या अंती ‘एर’ किंवा ‘ईर’ आहे त्यांना ‘आ’. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याचे ‘नो आब्लेस’, बोलू नकोस. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. त्याचे ‘नो कोमास’, खाऊ नकोस. सारा घोळ होतो तो या अदलाबदलीमुळे. ‘आ’च्या जागी ‘ए’ आला किंवा ‘ए’च्या जागी ‘आ’ आला, की त्याच्या अलीकडील व्यंजनाच्या लेखनावर परिणाम होतो. कारण रोमन लिपीत ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांचे उच्चार पुढे कोणता स्वर आहे, यावर ठरतात.

बाराखडी मांडून पाहा

आपण लहानपणी ‘क, का, कि, की’ घोकतो, तेव्हा ‘क’ हे अक्षर जागचे हलत नाही. काना-मात्रा-वेलांटी तेवढी बदलते. स्पॅनिशची बाराखडी मांडली तर चित्र निराळे दिसते. ‘का’ लिहायचा ‘सी-ए’, ‘को’ लिहायचा ‘सी-ओ’, ‘कू’ लिहायचा ‘सी-यू’. पण ‘के’ आणि ‘की’ लिहिताना ‘सी’ला रजा द्यावी लागते, तेथे ‘क्यू-यू-ई’ आणि ‘क्यू-यू-आय’ येतात. त्यातील ‘यू’ मुका असतो. ‘ग’ची गत तशीच. गा, गो, गू यांना नुसता ‘जी’ पुरतो. ‘गे’ आणि ‘गी’ यांच्यासाठी मध्ये मुका ‘यू’ घालून ‘जी-यू-ई’, ‘जी-यू-आय’ असे लिहावे लागते. तो घातला नाही, तर ‘जी’चा उच्चार घशातून येणाऱ्या खरखरीत ‘ह’सारखा होतो. तिसरी ओळ ‘झेड’ची. सा, सो, सू हे ‘झेड’ने लिहायचे, ‘से’ आणि ‘सी’ मात्र ‘सी’ने. (स्पेनच्या बहुतेक भागात हा उच्चार ‘थ’च्या जवळ जातो, लॅटिन अमेरिकेत ‘स’ होतो. येथे सोयीसाठी लॅटिन अमेरिकेचा उच्चार धरला आहे.)

ही बाराखडी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. गोव्यातील रस्त्यांवरच्या रोमन पाट्या आठवाव्यात. काणकोण ‘सी-ए’ने सुरू होते, कोलवा ‘सी-ओ’ने, कुडचडे ‘सी-यू’ने. आणि केपे? ते ‘क्यू-यू-ई’ने सुरू होते! म्हापशाजवळील गिरी या गावाच्या नावातही ‘जी’नंतर एक मुका ‘यू’ उभा आहे. ही पोर्तुगीजांनी ठेवून दिलेली वर्णरचना. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी शेजारीण असल्याने ‘क’ आणि ‘ग’ यांच्या बाबतीत दोघींचा नियम एकच आहे. आपला ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला, ‘पैसे देणे’ या अर्थाच्या ‘पागार’ या क्रियापदावरून. स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद त्याच अर्थाने वापरले जाते. त्याची नकारार्थी आज्ञा ‘नो पागेस’. येथे ‘यू’ विसरला, तर वाचणारा ‘पाहेस’ वाचेल, आणि कानाला तो राजवाड्यातील हुजऱ्यांसाठी असलेल्या शब्दासारखा लागेल.

बाराखडी एकदा मनात बसली, की ‘आर’ अंती असलेल्या क्रियापदांचे तीन गट आपोआप सुटतात. ‘बुस्कार’ (शोधणे), ‘साकार’ (बाहेर काढणे), ‘तोकार’ यांतील ‘सी’चा ‘क्यू-यू’ होतो : नो बुस्केस, नो साकेस, नो तोकेस. ‘येगार’ (पोहोचणे), ‘पागार’ यांतील ‘जी’चा ‘जी-यू’ होतो : ‘नो येगेस तार्दे’, उशिरा पोहोचू नकोस. ‘क्रुसार’सारख्या शब्दांतील ‘झेड’चा ‘सी’ होतो : ‘नो क्रुसेस’, ओलांडू नकोस. प्रत्येक ठिकाणी अक्षर बदलते ते ध्वनी बदलू नये म्हणून.

‘आमचा’ आणि ‘आमची’

मुळात ही अडचण उद्भवली कशी? लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार सर्वत्र ‘क’ असाच होता. पुढे लोकांच्या बोलण्यात ‘इ’ आणि ‘ए’ या, जिभेचा पुढचा भाग उचलून उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांनी अलीकडच्या ‘क’ला आणि ‘ग’ला आपल्याकडे ओढले, मऊ केले. लेखनात अक्षर जुनेच राहिले आणि त्याला दोन उच्चार चिकटले. क्रियापदांच्या रूपांत मात्र मूळ ध्वनी टिकून राहिला. बोलणाऱ्याच्या मनात ‘तोकार’ आणि ‘तोकेस’ यांचा धातू एकच होता. तो त्याने मोडू दिला नाही. लेखनाला मग त्या ध्वनीच्या मागे जावे लागले.

ज्यांना ‘इ’ आणि ‘ए’ यांचा हा प्रताप दूरदेशीचा वाटतो, त्यांनी ‘आमचा’ आणि ‘आमची’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘आमचा’मधील ‘च’ दातांजवळचा आहे, ‘चमचा’मधल्यासारखा, ‘आमची’मधील ‘च’ टाळूचा आहे, ‘चित्र’मधल्यासारखा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही हाच फरक आहे. आपल्याकडेही ‘इ’ आणि ‘ए’ आले, की अलीकडील ‘च’, ‘ज’, ‘झ’ हे टाळूकडे सरकतात. गंमत अशी, की येथे मराठीने जे केले, त्याच्या नेमके उलट स्पॅनिशने केले. आपण अक्षर कायम ठेवले आणि ध्वनी बदलू दिला. त्यांनी ध्वनी कायम ठेवला आणि अक्षर बदलले. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘आमचा’चा ‘च’ कोणता आणि ‘आमची’चा कोणता, हे लेखनावरून कधीच कळत नाही. त्या मानाने स्पॅनिशने शिकणाऱ्यावर उपकारच केले आहेत, असे म्हणावे लागेल.

जसे बोलावे तसे लिहावे, हा आग्रह स्पॅनिशमध्ये जुना आहे. १४९२ साली कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विद्वान आंतोनियो दे नेब्रिहा यांनी तो मांडला होता. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने पुढे टप्प्याटप्प्याने लेखनाला शिस्त लावली. १८१५ सालच्या सुधारणेपर्यंत ‘क्वांदो’ (केव्हा), ‘क्वात्रो’ (चार) हे शब्दही ‘क्यू’ने लिहिले जात. अकादमीने ते ‘सी’कडे सोपवले. तेव्हापासून ‘क्यू-यू’ या जोडीकडे ‘के’ आणि ‘की’ एवढेच काम उरले.

उलट दिशेचा प्रवास

‘एर’ आणि ‘ईर’ अंती असलेल्या क्रियापदांत स्वर ‘ए’कडून ‘आ’कडे जातो, म्हणून अक्षरेही उलट दिशेने बदलतात. ‘रेकोहेर’मध्ये ‘ह’चा ध्वनी ‘जी’ने लिहिला आहे, कारण पुढे ‘ए’ आहे. ‘नो रेकोहास’मध्ये पुढे ‘आ’ आला. आता ‘जी’ ठेवला तर ‘रेकोगास’ होईल, म्हणून ‘जे’ येतो. ‘एक्सिहीर’ (मागणी लावून धरणे) याचे ‘नो एक्सिहास’ तसेच. ‘सेगीर’मध्ये ‘गी’साठी घातलेल्या मुक्या ‘यू’ची ‘नो सिगास’मध्ये गरज उरत नाही, म्हणून तो निघून जातो. ‘बेन्सेर’ (जिंकणे) याचे ‘नो बेन्सास’ होताना ‘सी’चा ‘झेड’ होतो. या रूपांची एक सोय अशी, की वर्तमानकाळातील ‘मी’च्या रूपात हा बदल आधीच झालेला असतो : रेकोहो, सिगो, बेन्सो. तेथे ‘ओ’ आहे, येथे ‘आ’ आहे. ‘सी’ आणि ‘जी’ यांच्या दृष्टीने दोघे सारखेच.

एक छोटा गट दोन ठिपक्यांचा आहे. ‘आबेरिग्वार’ म्हणजे छडा लावणे. यातील ‘यू’ मुका नाही, त्याचा ‘व’सारखा उच्चार होतो. ‘ए’ जोडताना तो मुका होऊन ‘आबेरिगेस’ होऊ नये, म्हणून त्याच्या डोक्यावर दोन ठिपके देतात : नो आबेरिग्वेस. हे ठिपके म्हणजे ‘मला विसरू नका’ अशी त्या ‘यू’ने केलेली विनवणीच.

‘जे’चा सापळा

नियम समजलेल्या विद्यार्थ्याला येथे एक नवी चूक करण्याची संधी मिळते. ‘देहार’ (सोडणे) आणि ‘बाहार’ (उतरणे) या क्रियापदांत मुळातच ‘जे’ आहे. ‘ए’ आला म्हणून आता त्याचा ‘जी’ करायचा काय? नाही. ‘नो देहेस’, ‘नो बाहेस’ यांत ‘जे’ जागचा हलत नाही, कारण ‘जे’चा उच्चार कोणत्याही स्वरापुढे एकच आहे. ध्वनीला धोका नसेल, तर अक्षर बदलायचे नाही.

‘हे’ आणि ‘ही’ या दोन ध्वनींसाठी ‘जी’ आणि ‘जे’ अशी दोन अक्षरे शिल्लक राहिली, ही या व्यवस्थेतील खरी विसंगती होय, आणि ती मोठ्या लोकांनाही खुपली आहे. वेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत स्थायिक झालेले विद्वान आंद्रेस बेय्यो यांच्या विचारांनुसार चिलीमध्ये १८४४ पासून असे शब्द ‘जे’ने लिहिण्याची पद्धत आली, ती १९२७ साली सोडून देण्यात आली. नोबेल पारितोषिक विजेते कवी हुआन रामोन हिमेनेस आपल्या लेखनात हट्टाने ‘जे’च वापरत. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी तर १९९७ साली मेक्सिकोतील साकातेकास येथे भरलेल्या भाषा परिषदेत शुद्धलेखनालाच निवृत्त करण्याची मागणी केली आणि या दोन अक्षरांमध्ये सीमाकरार व्हावा असे सुचवले. परिषदेत त्यावर बरीच खळबळ झाली. करार अद्याप झालेला नाही.

जेथे संगणक गप्प बसतो

‘टी-ओ-सी-ई-एस’ असे चुकून लिहिले, तर संगणक किंवा मोबाइल त्याखाली रेघ ओढतो, कारण असा शब्द कोशात नाही. खरी पंचाईत होते ती चुकलेला शब्दही बरोबरच असतो तेव्हा. ‘कासार’ हे क्रियापद ‘झेड’ने लिहिले तर शिकार करणे, ‘एस’ने लिहिले तर लग्न लावणे. लॅटिन अमेरिकेत दोहोंचा उच्चार एकच. ‘शिकार करू नकोस’ लिहिताना ‘झेड’चा ‘सी’ करावा लागतो; तेथे कानावर विसंबून ‘एस’ लिहिला, तर एखाद्या बापाला ‘मुलीचे लग्न लावू नकोस’ असे बजावल्यासारखे होते! ‘आब्रासार’ हे क्रियापद ‘झेड’ने मिठी मारणे आणि ‘एस’ने भाजून काढणे. ‘नो मे आब्रासेस’ हे वाक्य ‘सी’ने लिहिले तर ‘मला मिठी मारू नकोस’, ‘एस’ने लिहिले तर ‘मला भाजू नकोस’. येथे शुद्धलेखन तपासणारी यंत्रणा बहुधा तोंड उघडत नाही. मूळ क्रियापदात ‘झेड’ आहे की ‘एस’, हे माणसालाच ठाऊक असावे लागते. स्पॅनिशमधून व्यवसायासाठी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी या जोड्यांकडे विशेष लक्ष दिलेले बरे.

आदरार्थाची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. आपल्याकडे ‘नकोस’ आणि ‘नका’ असा भेद आहे, तसा तिकडे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा आहे. (तिकडचा ‘तू’ही आपल्या ‘तू’सारखाच!) ‘तू’ला होकारार्थी आज्ञा देताना ‘तोका’, ‘पागा’ असे मूळ अक्षर राहते, बदल होतो तो नकारातच. ‘उस्तेद’ला मात्र होकारार्थी आज्ञाही सुबहुंतिबोमध्येच द्यायची असते. त्यामुळे ‘तोके’ आणि ‘नो तोके’ या दोहोंतही ‘क्यू-यू’च येतो. दुकानातील गल्ल्यावर ‘पागे आकी’ (येथे पैसे द्यावेत) अशी पाटी असेल, तर तीत मुका ‘यू’ आहे, तो या आदरापोटी. संग्रहालयातील पाटी बहुधा कोणालाच उद्देशून बोलत नाही. ती ‘नो तोकार’ असे मूळ क्रियापदच वापरते, आपल्या ‘हात लावू नये’सारखी.

काही क्रियापदांत दोन बदल एकत्र येतात आणि मग विद्यार्थी घाबरतो. ‘एम्पेसार’ (सुरू करणे) याचे ‘नो एम्पिएसेस’, ‘हुगार’ (खेळणे) याचे ‘नो हुएगेस’, ‘आल्मोर्सार’ (दुपारचे जेवणे) याचे ‘नो आल्मुएर्सेस’. यांतील स्वराची फोड हा वेगळा विषय आहे; ती आघात धातूवर पडला तरच होते. स्पेनमध्ये अनेकजणांना ‘सुरू करू नका’ म्हणताना ‘नो एम्पेसेइस’ म्हणतात. तेथे आघात पुढे सरकल्याने स्वर पुन्हा पूर्ववत होतो, परंतु ‘झेड’चा ‘सी’ मात्र झालेलाच राहतो. खरोखर वाकडी रूपे निराळीच आहेत. ‘कोनोसेर’ (ओळखणे) याचे ‘नो कोनोस्कास’ होते. तेथे ‘क’ हा नवा ध्वनीच आत शिरतो. ‘सेर’ (असणे) आणि ‘ईर’ (जाणे) यांची ‘नो सेआस’ आणि ‘नो बायास’ ही रूपे तर पाठच करावी लागतात. घोकंपट्टीचा उत्साह अशा मोजक्या शब्दांसाठी राखून ठेवावा.

जाता जाता प्रवाशांसाठी एक सूचना. ‘कोहेर’ म्हणजे घेणे, पकडणे. स्पेनमध्ये बसपासून सर्दीपर्यंत सर्व काही या क्रियापदाने ‘पकडले’ जाते आणि ‘नो कोहास’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ‘जी’चा ‘जे’ होण्याचे ते ठरलेले उदाहरण आहे. मेक्सिको आणि अर्जेंटिना येथे मात्र त्याचा अर्थ चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही. तिकडे ‘तोमार’ किंवा ‘आगारार’ वापरतात. ‘नो तोमेस’, ‘नो आगारेस’ यांत कोणतेही अक्षर बदलावे लागत नाही. काय घेऊ नकोस ते मात्र सांगावे, कारण नुसते ‘नो तोमेस’ म्हटले तर तिकडे ‘दारू पिऊ नकोस’ असाही अर्थ होतो.